कापून टाकलेली एरर

साठ सेकंदांच्या ट्यूटोरियलमध्ये कोड नेहमी पहिल्याच फटक्यात चालतो. काळा एडिटर, रंगीत अक्षरं, मागे ठेक्यात वाजणारं संगीत, आणि ही भाषा शिकायला वर्ष घालवायची गरज नाही असा एकूण थाट. चार ओळी झरझर टाइप होतात, खाली टर्मिनलमध्ये हवं ते उत्तर उमटतं, 'सेव्ह करून ठेवा' असं सांगून होईपर्यंत पुढचा व्हिडिओ वर सरकतो. त्या चार ओळी लिहिताना शिकवणाऱ्याचा सेमीकोलन राहिला असेल, कंपायलर त्याच्यावर खेकसला असेल, त्याने दहा मिनिटं डोकं खाजवलं असेल. ते सगळं एडिटिंगमध्ये गेलं. मला लिहायचंय ते या गेलेल्या दहा मिनिटांबद्दल.

गेले काही महिने मी रस्ट ही प्रोग्रामिंग भाषा शिकतोय. पुण्यात एका कंपनीत बॅकएंडचं काम करतो, रोजचा कोड जावा आणि पायथनमधला. टीममधली एक सर्व्हिस रस्टमध्ये न्यायचं ठरलं आणि शिकणं आलंच. साधनं भरपूर होती, पण सगळ्यात हाताशी होता फोन. रस्टवरचे छोटे व्हिडिओ मी दोन प्रकारे पाहिले. आधी शिकणारा म्हणून, आणि नंतर वही घेऊन, एखादं पुस्तक परीक्षणासाठी वाचावं तसे. सिनेमाची, वेबसिरीजची, अगदी स्टँडअपचीही आपण चिरफाड करतो. आपल्यातल्या कित्येकांना पोटापाण्याची विद्या ज्या प्रकारातून मिळते, त्याच्याकडे मात्र 'चांगला आहे', 'बकवास आहे' याच्या पुढे जाऊन बघत नाही.

आधी जमेची बाजू

हा प्रकार आपल्याकडे फार जुना नाही. २०२० च्या जूनमध्ये टिकटॉकवर बंदी आली. जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले, सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची चाचणी पहिल्यांदा भारतातच सुरू केली. नाचगाणी आणि नकला यांच्यासाठी बनलेल्या त्या उभ्या चौकटीत यथावकाश प्रोग्रामिंगचे मास्तरही शिरले. शॉर्ट्सची साठ सेकंदांची मर्यादा ऑक्टोबर २०२४ मध्ये तीन मिनिटांपर्यंत वाढली, पण वेग तोच राहिला.

या मास्तरांना हसणं सोपं आहे, आणि मला ते करायचं नाही. ज्याच्याकडे लॅपटॉप नाही पण फोन आहे, ज्याची शाळा मराठी माध्यमाची आहे आणि पाचशे पानी इंग्रजी पुस्तक उघडताना ज्याच्या पोटात गोळा येतो, त्याला हिंदीत, कधी मराठीत, 'हे बघ, असं असतं' म्हणून सांगणारं कोणीतरी भेटतं ही छोटी गोष्ट नाही. आपल्या कॉलेजच्या अभ्यासक्रमात जी भाषा कधी येणारच नाही तिचं नाव तरी कानावर पडतं. ती कशासाठी वापरतात, तिच्यात नोकऱ्या असतात का, हेही कळतं.

आणि हा प्रकार उत्तम हाताळणारे लोकही आहेत. जेफ डिलेनी यांच्या 'फायरशिप' या चॅनेलवर 'शंभर सेकंदांत' अशी एक मालिका आहे. नाव शंभर सेकंदांचं असलं तरी बरेच व्हिडिओ त्याहून जरा लांबतात. भाषेचा जन्म, तिचा उपयोग, छोटंसं उदाहरण, मध्ये दोन कोपरखळ्या आणि समाप्त. एकही वाक्य फुकट जात नाही. ही मालिका तुम्हाला भाषेच्या दारापर्यंत नेऊन सोडते आणि ते काम चोख करते. माझी तक्रार दारापर्यंत नेणाऱ्यांबद्दल नाही. दाराचा फोटो दाखवून 'घर बघून झालं' असं सांगणाऱ्यांबद्दल आहे.

बरोबरच्या चिन्हाचं काय झालं

रस्टवरच्या बऱ्याच व्हिडिओंना एक गोष्ट फार आवडते. २००६ साली ग्रेडन होर हा मोझिलात काम करणारा प्रोग्रामर व्हँकुव्हरमधल्या आपल्या घरी परतला, तर इमारतीची लिफ्ट बंद. लिफ्टचं सॉफ्टवेअर कोसळलं होतं. हा एकविसाव्या मजल्यावर राहणारा. जिने चढता चढता त्याला वाटलं, लिफ्ट चालवणारा साधा प्रोग्रामही आपल्याला धड लिहिता येऊ नये? त्यातून रस्टची सुरुवात झाली, आणि १५ मे २०१५ रोजी तिची १.० आवृत्ती आली.

गोष्ट खरी आहे आणि सांगायला मस्त आहे. पण व्हिडिओ तिचा उपयोग लक्ष वेधण्यापुरता करतो. अशी सॉफ्टवेअर वारंवार का कोसळतात, हा त्या गोष्टीतला खरा प्रश्न. सी आणि सी प्लस प्लसमध्ये मेमरी हाताळायची जबाबदारी प्रोग्रामरची असते. मोकळी केलेली मेमरी पुन्हा वापरली, किंवा एकच जागा दोनदा मोकळी केली, की प्रोग्राम कधी कोसळतो, तर कधी कोसळत नाही आणि चोराला वाट करून देतो. आपल्या सॉफ्टवेअरमधल्या सुरक्षेच्या त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या अशा गोंधळातून येतात, असं मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं होतं. रस्टचं सगळं वेगळेपण या एका दुखण्यावरचा उपाय म्हणून आलेलं आहे.

आता तो उपाय व्हिडिओत कसा दिसतो ते पाहा. 'रस्टमध्ये व्हेरिएबल असं करतात' म्हणून एक ओळ येते. व्हेरिएबलचं नाव, बरोबरचं चिन्ह, पाच हा आकडा. दुसऱ्या ओळीत ते व्हेरिएबल दुसऱ्या नावाला दिलं जातं. दोन्ही छापली, दोन्हीकडे पाच. पायथन येणाऱ्याला वाटतं, यात नवीन काय?

नवीन ते व्हिडिओने निवडलेल्या उदाहरणामुळेच लपलंय. पाचच्या जागी एखादी यादी किंवा मजकुराची स्ट्रिंग घ्या. पायथनमध्ये 'ब बरोबर अ' लिहिलं की एकाच यादीला दोन नावं मिळतात. 'ब' मध्ये आकडा वाढवला की तो 'अ' मध्येही दिसतो. रस्टमध्ये तेच लिहिलं तर यादीची मालकी 'अ' कडून 'ब' कडे जाते. त्यानंतर 'अ' छापायला गेलात तर प्रोग्राम कंपाइलच होत नाही. शेत विकलं, फेरफार झाला, सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव चढलं, आता तुम्ही तिथे नांगर घालू शकत नाही. रस्टमध्ये तलाठ्याचं काम कंपायलर करतो, आणि हा तलाठी फेरफार जागच्या जागी करतो.

विकायचं नसेल तर उसनं देता येतं, त्याचेही नियम आहेत. एका वेळी कितीही जणांना नुसतं पाहायला द्या, किंवा एकालाच बदल करायला द्या. दोन्ही एकदम चालत नाही. मालक संपला की त्याची मेमरी आपोआप मोकळी होते. मालक एकच असल्यामुळे ती दोनदा मोकळी व्हायचा प्रश्नच येत नाही. एकविसावा मजला चढून आलेल्या माणसाच्या प्रश्नाचं उत्तर या नियमांत आहे.

साध्या आकड्यांची मात्र नक्कल होते, मालकी सरकत नाही. म्हणून व्हिडिओतला पाचचा कोड चालतो. शिकवणाऱ्याने खोटं काही सांगितलेलं नसतं. त्याने फक्त असं उदाहरण निवडलेलं असतं, ज्यात रस्ट ही रस्टसारखी वागतच नाही.

संगणकशास्त्रज्ञ ॲलन पर्लिस यांनी १९८२ साली प्रोग्रामिंगबद्दलची काही चुटकेवजा निरीक्षणं प्रसिद्ध केली. त्यातल्या एकाचा आशय असा, की जी भाषा तुमच्या विचाराची पद्धत बदलत नाही ती शिकण्यात अर्थ नाही. छोट्या व्हिडिओंची रीत याच्या बरोबर उलट आहे. डावीकडे जावा, उजवीकडे रस्ट, मध्ये बाण. याला इकडे हे म्हणतात, त्याला तिकडे ते म्हणतात. जिथे बाण जुळतो तेवढंच दाखवायचं. पण नवीन भाषा शिकण्यासारखी असते ती बाण जिथे जुळत नाही तिथे. ज्या मराठी माणसाने हिंदी शिकताना नुसते शब्द बदलले, त्याची हिंदी ऐकून हिंदीवाले का हसतात, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

शिकवणारा कापला गेला

बाण जिथे जुळत नाही तिथे रस्टमध्ये एरर येते. आणि ही एरर साधी नसते. विकलेल्या यादीला हात लावलात तर कंपायलर ई०३८२ असा क्रमांक देतो, तुमची ओळ जशीच्या तशी छापतो, मालकी कुठे गेली त्या शब्दाखाली खूण करतो, नंतर तुम्ही ती कुठे वापरायला गेलात तिथे दुसरी खूण करतो, आणि बऱ्याचदा खाली काय करून पाहता येईल तेही सुचवतो. क्रमांक देऊन विचारलं तर सविस्तर खुलासाही करतो. २०१६ मध्ये रस्टने या संदेशांची मांडणी नव्याने केली, त्यामागे एल्म नावाच्या भाषेची प्रेरणा होती. एरर वाचणारा माणूस शिकत असतो, हे धरून केलेलं ते काम आहे. रस्टला स्वतःचा मास्तर आहे, आणि तो कंपायलरमध्ये बसलेला आहे.

व्हिडिओतून नेमका हाच मास्तर गायब असतो. याची काही कारणं सरळ यांत्रिक आहेत. एररचा संदेश दहा-बारा आडव्या ओळींचा, फोनची चौकट उभी. संदेश वाचायला वीस सेकंद थांबावं लागतं, आणि वीस सेकंद काहीच हललं नाही की बोट वर सरकतं. दुसरं कारण दिखाऊपणाचं आहे. पहिल्या फटक्यात चालणारा कोड लिहिणारा माणूस हुशार दिसतो. मी वहीत नोंद ठेवत पाहिलेल्या व्हिडिओंमध्ये एरर आली, ती वाचली आणि मग दुरुस्त केली, असे बोटांवर मोजण्याइतकेच निघाले. ते लक्षातही राहिले.

इथे कोणी म्हणेल, साठ सेकंदांत आणखी काय होणार? दोष लांबीचा आहे, असं मलाही पटलं असतं, जर रस्ट्लिंग्ज नसते. रस्ट्लिंग्ज म्हणजे रस्ट शिकण्यासाठीचे फुकट मिळणारे छोटे छोटे सराव. प्रत्येक सराव काही ओळींचा. बहुतेकांतला कोड मुद्दाम मोडलेला असतो आणि तुम्ही तो चालता करायचा असतो. काही एका मिनिटात होतात. म्हणजे छोटं असूनही एररभोवती बांधलेलं शिक्षण शक्य आहे.

दुसऱ्या टोकाला स्टीव्ह क्लॅबनिक आणि कॅरल निकोल्स यांचं 'द रस्ट प्रोग्रामिंग लँग्वेज' हे पुस्तक, तेही इंटरनेटवर फुकट. त्याच्या चौथ्या प्रकरणात मालकीचा विषय येतो. या पुस्तकातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे फेरिस नावाचा खेकडा, रस्टचा लाडका प्राणी. जो कोड कंपाइल होणार नाही त्याच्या शेजारी हा खेकडा गोंधळलेल्या अवतारात उभा असतो. म्हणजे न चालणारा कोड पुस्तकात मानाने छापलाय, शेजारी पाटी लावून. आणि ज्यांना व्हिडिओच हवेत त्यांच्यासाठी जॉन येंगसेट यांची 'क्रस्ट ऑफ रस्ट' ही मालिका आहे. तासतास चालणाऱ्या त्या व्हिडिओंत हा जाणकार माणूस अडतो, संदेश वाचतो, स्वतःशी बोलतो, मागे जातो. ते पाहून रस्ट किती येतं ते सोडा, पण अडलेला हुशार माणूस नेमकं काय करतो हे दिसतं. आपल्या शिक्षणात ते फार कमी वेळा पाहायला मिळतं.

जर्नलचा वारसा

फार कमी म्हणतोय ते जपून म्हणतोय. इंजिनिअरिंग केलेल्या कोणालाही प्रॅक्टिकलचं जर्नल आठवेल. एम, थिअरी, अल्गोरिदम, प्रोग्राम, आउटपुट, कन्क्लूजन. टर्बो सीच्या निळ्या स्क्रीनवर तासभर झगडून जे घडलं त्यातलं काहीही त्या सहा मथळ्यांत बसत नसे. एररसाठी मथळाच नव्हता. शेवटी वर्गातल्या एका मुलीचा चाललेला प्रोग्राम साठ जर्नलांत उतरायचा, आउटपुटसकट, आणि कन्क्लूजनमध्ये सगळे जण 'प्रोग्रामचा यशस्वीपणे अभ्यास केला' असं लिहून सही घ्यायचे. ज्याच्याकडे नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' असायचं तो निदान घरी जाऊन काही करून बघायचा.

तेव्हा रील्सनी आपलं शिक्षण बिघडवलं, असं मी म्हणणार नाही. चूक लपवायची शिस्त आपल्याला प्रयोगशाळेतच लागली होती. छोटा व्हिडिओ हे त्याच जर्नलचं चकचकीत रूप आहे. फरक इतकाच, की जर्नल लिहिताना आपण फसवतोय हे प्रत्येकाला ठाऊक असायचं. व्हिडिओ पाहताना आपण शिकतोय असं मनापासून वाटतं.

याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. पहिली कोडमध्ये. मालकीची एरर आली की एक जालीम उपाय सांगणारे व्हिडिओ आहेत: पुढे 'क्लोन' लावा, एरर जाईल. जातेच. कारण तुम्ही त्या वस्तूची अख्खी नक्कल काढलेली असते. कधी ते योग्यही असतं. पण ही वस्तू नक्की कोणाची, हा प्रश्न जो कंपायलर विचारत होता, तो उत्तर न देताच मिटवलेला असतो.

'अनरॅप'चंही तसंच. रस्टमध्ये एखादं काम फसण्याची शक्यता असेल तर फंक्शन उत्तर थेट देत नाही, बंद पाकीट देतं. आत उत्तर असेल किंवा एरर. 'अनरॅप' म्हणजे न बघता पाकीट फाडणं. आत एरर निघाली तर प्रोग्राम तिथेच कोसळतो. व्हिडिओत दोन्ही शक्यता हाताळायला जागा नसते, म्हणून जिथे तिथे अनरॅप, आणि बघणाऱ्याला तो भाषेच्या व्याकरणाचाच भाग वाटतो. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी क्लाउडफ्लेअरची सेवा काही तास कोलमडली आणि जगभरातल्या असंख्य साइट्सवर एररची पानं झळकली. कंपनीने स्वतः जाहीर केलेल्या विश्लेषणानुसार, डेटाबेसच्या परवानग्यांमधल्या बदलामुळे एक फाइल अपेक्षेपेक्षा मोठी झाली, आणि ती वाचणाऱ्या रस्ट कोडमध्ये एक अनरॅप होता. त्या घटनेचं खापर एका शब्दावर फोडता येणार नाही, व्हिडिओंवर तर नाहीच. पण 'हे कधी फसणारच नाही' असं गृहीत धरणारा तो शब्द किती वजनदार आहे, हे त्यावरून कळतं. शिकवताना तो शब्द आला की निदान पाच सेकंद थांबायला हवं.

दुसरी किंमत माणसाला मोजावी लागते, आणि मला ती जास्त मोठी वाटते. सगळे व्हिडिओ पाहून, सगळं समजल्यासारखं वाटून, एखादा मुलगा किंवा मुलगी रात्री मित्राचा लॅपटॉप मागून आणून पहिला स्वतःचा प्रोग्राम लिहायला बसते. पाचव्या ओळीला एरर. व्हिडिओत तर कोणालाच आली नव्हती. मग त्यातून निघणारा निष्कर्ष ठरलेला असतो: दोष माझ्यात आहे, हे आपल्यासारख्यांचं काम नाही. ज्यांच्या घरात किंवा शेजारी कोणी इंजिनिअर आहे त्यांना 'अरे, सगळ्यांना येते' असं सांगणारं कोणीतरी असतं. ज्यांच्यासाठी हे व्हिडिओ वरदान आहेत असं मी वर म्हटलं, त्यांच्याकडेच ते वाक्य सांगणारं कोणी नसतं. म्हणजे कापलेल्या त्या दहा मिनिटांचा सगळ्यात जास्त तोटा त्यांचाच होतो.

आता कोड एआय लिहून देतं, मग ही मालकी-बिलकी कशाला शिकायची, असा प्रश्न टीममध्येही निघतो. एआयने लिहिलेल्या कोडमध्येही क्लोन आणि अनरॅप असतात. ते तिथे असावेत की नाही, हे बघणाऱ्यालाच ठरवावं लागतं. लिहिण्याचं काम कमी झालं तर अडलेलं वाचण्याचं काम वाढणार आहे, आणि त्याचीच तर सवय आपण लावून घेतलेली नाही.

व्हिडिओ बनवणाऱ्यांकडे माझं मागणं फार नाही. साठातले वीस सेकंद एररला द्या. मोडलेल्या कोडपासून सुरुवात करा, संदेश पडद्यावर येऊ द्या, तो मराठीत वाचून दाखवा, आणि दुरुस्ती पुढच्या व्हिडिओसाठी ठेवली तरी चालेल. प्रेक्षक टिकवायलाही ती वाईट युक्ती नाही.

आणि बघणाऱ्यांसाठी एक सोपा सराव. रस्टचा कोड फोनच्या ब्राउझरमध्येही चालवता येतो, त्यासाठी रस्ट प्लेग्राउंड नावाची साइट आहे. आवडलेल्या व्हिडिओतला कोड तिथे लिहा. आधी तो चालवा. मग आकड्याच्या जागी स्ट्रिंग घाला, एखादं चिन्ह काढून टाका, दिलेली वस्तू पुन्हा मागून बघा. लाल अक्षरं आली की लगेच परत फिरू नका. फोन आडवा धरा आणि तो संदेश शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.